तीट लावलेलं पातं

पेपरात आतल्या पानावर कधीकधी एक ठरावीक फोटो येतो. पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर ओळीने मांडलेले कोयते, सुरे, एखादी गंजकी तलवार आणि टेबलामागे हात मागे बांधून उभे असलेले पोलीस. तो फोटो दिसला की मी पान उलटतो. दिगूभाऊ उलटायचे नाहीत. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते पेपर नाकाला टेकेल इतका जवळ धरायचे आणि टेबलावरची एकेक वस्तू बघायचे. आधी लांबी, मग मूठ, मग मुठीच्या लगेच वरची जागा. बघून झालं की पेपरची घडी मांडीखाली सारायचे आणि म्हणायचे, "न्हाई." एवढंच. मी शेजारच्या सीटवर असायचो. ते "न्हाई" म्हणणार हे मला पेपर उघडायच्या आधीच माहीत असायचं. कसं माहीत असायचं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दिगंबर त्यांचं नाव. थेरगावातल्या जुन्या घरातले. त्यांच्या ज्वारीच्या रानावर आमची बिल्डिंग उभी आहे. बिल्डरकडून त्यांना तळमजल्याचा फ्लॅट मिळाला आणि पार्किंगच्या मागचा एक कोपरा. मी तिसऱ्या मजल्यावर. दोघंही एकाच कंपनीत. ते हीट ट्रीटमेंटला, म्हणजे गिअर तापवून कडक करायच्या खात्यात फोरमन. मी लॅबमध्ये, त्यांनी कडक केलेल्या मालाचा कडकपणा मोजणारा. ते मला सत्या म्हणायचे. सतीशराव म्हणणारे कंपनीत पुष्कळ होते, सत्या म्हणणारे ते एकटे.

त्यांना हत्यारांचा नाद होता. कुठून लागला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "खाज कुटनं आली ते कुणी सांगतं का?" म्युझियममध्ये काचेपुढे इतका वेळ उभे राहायचे की तिथला रखवालदार दोन-तीनदा उगाच मागून फिरून जायचा. सोन्याची वेलबुट्टी असलेल्या मुठींपुढे गर्दी असायची, तिकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. "लोकं मूठ बगत्यात. मुठीनं कोण मेलंय का?" घरात मात्र एकही तलवार नव्हती. त्यांचा नियम होता, पातं वीतभरापेक्षा मोठं करायचं नाही. कायद्याची भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं. वीतभर पात्याला माणूस मालक असतो, त्याच्यावर गेलं की पातं मालक होतं, असं ते म्हणायचे.

आणि टीव्हीवरची ती स्पर्धा. परदेशातले लोहार, हिंदीत भाषांतर केलेली बडबड, ठरलेल्या वेळात तुकड्यातून पातं घडवायचं आणि मग परीक्षकांनी ते दोरांवर, हाडांवर, बर्फावर हाणून बघायचं. रविवारी दुपारी ती लागायची. दिगूभाऊ जमिनीवर, पाठ दिवाणाला टेकवून. त्यांची मुलगी ऋतुजा दिवाणावर पालथी, हनुवटी त्यांच्या खांद्यापाशी. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. हे सुरू झालं तेव्हा ऋतुजा सहावीत होती. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपापला लोहार निवडायचा आणि ज्याचा लोहार आधी बाद होईल त्याने कपबशा विसळायच्या. सुलभावहिनी मटार सोलत आत-बाहेर करायच्या आणि म्हणायच्या, "परक्याच्या भट्टीत काय जळतंय ते दिसतंय, हितं दूध उतू चाललंय ते न्हाई दिसत."

दिगूभाऊ त्या लोहारांशी बोलायचे. पातं तापून लाल झालं आणि कुणी घाईने तेलाकडे धावला की इकडून ओरड व्हायची, "चुंबक लाव की रे बाबा, चुंबक." पोलाद पुरेसं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही, ती खूण. मग ते तेलात बुडवायचं. आमच्याकडे त्याला पाणी पाजणं म्हणतात, बुडवायचं तेलात असलं तरी. त्या क्षणी दिगूभाऊ डोळे मिटून घ्यायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचे. पात्याला चीर गेली तर बारीक टिक् असा आवाज येतो, तो त्यांना ऐकायचा असायचा. दिवसभर कंपनीत हेच काम करणारा माणूस, पण त्या दोन सेकंदांत त्यांच्या मानेची शीर फुगायची. एकदा ऋतुजाने विचारलं की पप्पा, पातं त्याचं आहे, तुम्ही का घाबरता. तर म्हणाले, "पाणी पाजताना जो भ्याला न्हाई, त्यानं दुसरं काम बगावं."

ऋतुजा बहुतेक वेळा जिंकायची. ती पोलाद बघायचीच नाही, माणसांचे हात बघायची. ज्याचा हात जरासुद्धा हलत नाही तो आधी जातो, हे तिचं निरीक्षण. दिगूभाऊंनी ते बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, ड्रायव्हरलाही. पोरगी मोठी होऊन काय होणार म्हणून कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "माझी वरिष्ठ."

पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांनी छोटी गॅसची भट्टी मांडली होती. ऐरण म्हणून रेल्वे रुळाचा तुकडा. पोलाद म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे, ते चाकणला भंगारात हवे तेवढे. पहिली चार-पाच पाती गेली. एक वाकलं, एक चिरलं, एकाचं टोक तेलाच्या डब्यातच राहिलं. दिगूभाऊ मोडकी पाती फेकायचे नाहीत, खिडकीत ओळीने ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच दाखवायचे, "हे माझं, हेबी माझंच." पाणी पाजल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ असतं, ते मंद आचेवर परत भाजावं लागतं. त्यासाठी त्यांनी वहिनींचा छोटा ओव्हन पळवला. त्यानंतरच्या दिवाळीत वहिनींच्या नानकटाईला लोखंडाचा वास होता आणि आम्ही सगळ्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दहावीच्या सुट्टीत बाप-लेकीने मिळून केलेलं पातं मात्र टिकलं. बाभळीची मूठ, साधं सरळ अंग, धारेजवळ धुरकट लाट. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत फडक्यात गुंडाळून ते लॅबमध्ये घेऊन आले. आत कुणी नाही ना, ते बघितलं आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. हातात दिलं नाही. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, नाहीतर दोघांत भांडण लागतं, हे ते काटेकोर पाळायचे. म्हणाले, "सत्या, लेकीला तीट लाव."

कडकपणा मोजायचं आमचं मशीन हिऱ्याचं टोक धातूवर दाबतं आणि आकडा देतं. मागे राहतो मोहरीपेक्षा बारीक ठिपका. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, त्या ठिपक्याला ते तीट म्हणत होते. कंपनीच्या मशीनवर घरचं काम करायची मनाई होती. मी केलं. आकडा चांगला आला. दिगूभाऊंनी त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि डोळे पुसले, लोखंडाची धूळ गेल्यासारखे. नंतर त्यांचं प्रत्येक पातं तीट लावायला माझ्याकडे आलं. मुठीच्या लगेच वर, डाव्या अंगाला.

मग आमच्या भागात कोयत्यांचे दिवस आले. कुणाच्या तरी वाढदिवसाला केक तलवारीने कापायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा. एखाद्या गल्लीत उभ्या गाड्यांच्या काचा फोडून पोरं पळायची. डांगे चौकात भाजी घेताना मागून मोटरसायकल जोरात आली की बायका पिशव्या छातीशी धरायच्या. पेपरात ते टेबल आणि ती पांढरी चादर वरचेवर दिसायला लागली.

एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली तीन पोरं दिगूभाऊंकडे आली. अगदी नम्रपणे. काका, भावाचा वाढदिवस आहे, केक कापायला काहीतरी द्या, लगेच आणून देतो. दिगूभाऊ म्हणाले, "केकला तलवार लागत असंल तर केक शिळा हाय. दुकानदाराला परत करा." पोरं हसली, पाया पडून गेली. आम्हीही हसलो. पोरं गेल्यावर दिगूभाऊंनी पार्किंगमधल्या लोखंडी कपाटाला दुसरं कुलूप घातलं. म्हणाले, "हसली व्हय सत्या, पर डोळं कपाटावर हुतं."

तिथून त्यांची भीती सुरू झाली. मित्रांना, नातेवाइकांना हौसेने दिलेली पाती त्यांनी परत मागायला सुरुवात केली. कुणाच्या घरी ते कांदा चिरायला होतं, कुणाच्या गोठ्यात. लोक हसायचे, कुणी रागवायचे. एका मावसभावाने तर, दिलेलं परत मागतोस, तुला लाज कशी नाही, म्हणून दारातून घालवलं. तेव्हा हे दारातच बसून राहिले आणि पातं घेऊनच उठले. सगळी परत आली, तेव्हा चेहरा जरा मोकळा झाला. ऋतुजा तोवर कॉलेजात होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची, दमून आली की बापाच्या ताटातली अर्धी भाकरी खायची. रविवारची स्पर्धा मात्र चालूच होती.

खंडेनवमीला दिगूभाऊ सगळी पाती पाटावर मांडायचे. कंपनीत आदल्या पाळीला मशिनांची पूजा व्हायची, इथे यांची. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, शेजारी पाना, पक्कड, चुंबकसुद्धा. त्या वर्षी बिल्डिंगमधले लोक दर्शनाला येत होते, पोरंटोरं होती, वहिनी वर पेढे वाटायला गेल्या होत्या. कुणीतरी हाक मारली म्हणून दिगूभाऊ गेटपाशी गेले. जाताना म्हणाले, "सत्या, बस जरा हितं." मी पाटापाशी बसलो.

ते बाभळीच्या मुठीचं पातं मी उचललं. आधी फुलं बाजूला केली, मग उचललं. ते मला पहिल्या दिवसापासून हवं होतं. मागितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं, ते लेकीबरोबर केलेलं होतं. मी अशी कुठलीच वस्तू आयुष्यात बाळगलेली नव्हती. मी शर्टाच्या आत, पाठीशी, पट्ट्यात खोचलं, फुलं सारखी केली, आणि दिगूभाऊ आल्यावर पाणी प्यायला म्हणून वर गेलो. रात्री झोपताना ठरवलं की उद्या गमतीने सांगायचं, बघा दिगूभाऊ, तुमची राखण कशी आहे.

सकाळी ते बसस्टॉपवर माझ्याआधी येऊन उभे होते. दाढी केलेली नव्हती. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक गेलं." तोंडावर रंग नव्हता. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "जाईल कुठं, सापडेल." तेवढ्या तीन शब्दांनी दार लागलं. दुसऱ्या दिवशी सांगणं गमतीचं राहिलं नाही. आठवड्याने सांगणं म्हणजे चोरी कबूल करणं होतं. आणि त्या पात्यावर माझ्या मशीनचा ठिपका होता.

मी ते माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्यात ठेवलं. बायको देवळात गेली की काढून बघायचो. थोड्या दिवसांनी तेही बंद केलं. घराला रंग द्यायचा होता तर मी माळा वगळायला लावला. एकदा रविवारी सकाळी ते डब्याच्या पिशवीत घालून पवना नदीत टाकायला निघालो. पुलाच्या अलीकडे पोलिसांची नाकाबंदी होती, गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावत होते. मी स्कूटर वळवली. मागून शिट्टी वाजली, ती माझ्यासाठी नव्हती. घरी आलो आणि पातं परत माळ्यावर ठेवलं.

मला ही भीती होती. दिगूभाऊंना दुसरी. एके सकाळी बसमध्ये त्यांनी माझ्याकडे लॅबमधलं भिंग मागितलं. कशाला म्हणून मी विचारलं नाही. आणून दिलं. त्या दिवसापासून ते पेपरातल्या टेबलावर आपलं पातं शोधायला लागले. छापलेल्या फोटोत भिंगाखाली नुसते शाईचे ठिपके दिसतात, सगळीच पाती तीट लावल्यासारखी दिसतात. तरी ते बघायचे. कुठे मारामारी झाली, कुणावर वार झाले, बातमी आली की विचारायचे, "कशानं मारलं, लिवलंय का?" कोयत्याने असेल तर सुटकेचा श्वास. धारदार शस्त्राने, एवढंच छापलं असेल तर दिवसभर जेवायचे नाहीत. भट्टीपुढे उभे राहून गिअरच्या ट्रेकडे बघत राहायचे आणि हेल्पर म्हणायचा, फोरमन, वेळ झाली, काढू का.

ती नम्र पोरं त्यांना आता चोर वाटायची. वॉचमन वाटायचा. पण पार्किंगच्या कपाटाची किल्ली कुठे असते, दर्शनाच्या वेळी कोण कुठे होतं, हे जसंजसं ते उगाळत गेले तसा त्यांचा संशय घराकडे वळला. पातं ऋतुजानेही केलेलं होतं. तिच्या क्लासमध्ये पोरं होती. तिने कुणाला दाखवायला नेलं असेल. कुणाला दिलं असेल. हे सगळं त्यांनी मला बसमध्ये सांगितलं. मी म्हणालो, ऋतुजा असं करणार नाही. ते म्हणाले, "मग कोण?" आणि माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो. त्यांच्या डोक्यात मी येणंच शक्य नव्हतं.

एक दिवस ती धावायला गेली असताना त्यांनी तिची बॅग उघडली. सगळं बाहेर काढलं. ती तेव्हाच दारात आली.

मला हे वहिनींनी सांगितलं. दोघं ओरडले नाहीत, भांडले नाहीत. ऋतुजाने सगळं परत बॅगेत भरलं, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आंघोळीला गेली. पुढच्या रविवारी ती स्पर्धा बघायला बसली नाही. अभ्यास आहे म्हणाली. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही दोघं बसायचो. दिगूभाऊंनी एकदा सवयीने विचारलं, "कोण घेतेस?" म्हणजे कुठला लोहार निवडतेस. दिवाणावर कुणी नव्हतं. त्यांनी मान वळवून बघितलं आणि मला म्हणाले, "तू घे कुणीतरी." मी एक नाव घेतलं. माझा लोहार हरला. कपबशा विसळायला मी उठलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भावजी, आता कशाला."

ऋतुजा मैदानी चाचणीत निघाली, लेखीत निघाली. यादीत नाव आलं. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी व्हायची होती. त्याच आठवड्यात पेपरात तो फोटो पुन्हा आला आणि कडेला एक लहान सुरा होता, काळ्या मुठीचा. दिगूभाऊ बसमध्ये चाकण येईपर्यंत भिंग धरून बसले. उतरताना त्यांनी "न्हाई" म्हटलं नाही.

सुट्टी झाल्यावर परतीच्या बसमध्ये म्हणाले, "उद्या चौकीला जातो. सांगतो, असं असं पातं हुतं, मी केलेलं, गेलंय."

मी म्हणालो, दिगूभाऊ, चौकशी व्हायची आहे तिची. घरात हत्यारं होती असं तुम्ही स्वतः सांगितलंत तर पोरीचं काय होईल.

"तिचाच इचार करतोय." ते खिडकीतून बाहेर बघत बोलत होते. कांद्याचे ट्रक लागलेले, बस हलत नव्हती. "उद्या तिला वर्दी मिळंल. टेबलामागं उभी राहील ती. आन टेबलावर माझं पातं असंल, रगताचं. ती वळकंल, सत्या. पेपरात कुणाला न्हाई कळणार, तिला लगीच कळंल."

थेरगावला उतरलो. घरी गेलो. बायको स्वयंपाकघरात होती. माळ्यावर चढलो, खोकं काढलं. पातं फडक्यात तसंच होतं, जरा गंज धरलेला. खाली गेलो. दिगूभाऊ पार्किंगमध्ये स्टुलावर बसले होते, उद्यासाठी बाकीची पाती पोत्यात बांधत होते. मी फडकं उघडून पातं त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं.

त्यांनी ते उचललं, डावं अंग वर केलं, अंगठा फिरवला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता लिहायला सोपं आहे. तेव्हा मी एक पाऊल मागे सरलो होतो. त्यांनी ते बघितलं.

"कुटं हुतं?"

"माझ्याकडे. खंडेनवमीपासून."

"कुणाला दिलंवतं?"

"नाही. माळ्यावर होतं."

"कशाला घेतलं?"

"आवडलं होतं."

त्यांनी मान हलवली, जणू ते एक उत्तर त्यांना कळण्यासारखं होतं. नंतर म्हणाले, "पोरीची बॅग उघडली मी." मी म्हणालो, मी आत्ता वर जाऊन सांगतो ऋतुजाला, मीच सांगतो. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघून बोलले.

"न्हाई सतीशराव. तुमी काय सांगू नका."

सत्या गेला होता. सतीशराव आला होता.

"बापावरचा तिचा इश्वास तर गेला. तुमाला काका म्हनती ती, सहावीपासून. त्यो बी न्यायचा का तिचा? तिनं पोलिसात जायाच्या आधी घरातला चोर बगायचा?" पातं त्यांनी पोत्यात टाकलं. "कपाटामागं पडलं हुतं. सापडलं. असं सांगतो मी."

चौकीत ते गेले नाहीत. त्या आठवड्यात संध्याकाळी भट्टी पेटवून एकेक पातं लाल होईस्तोवर तापवलं आणि राखेत पुरून हळूहळू गार होऊ दिलं. पाजलेलं पाणी असं उतरतं. मग पातं मऊ होतं, धार धरत नाही, हाताने वाकतं. सगळी वाकवून भंगारात दिली. मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होतो. त्यांनी मला बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

आता ते इथे राहत नाहीत. नोकरी संपल्यावर ऋतुजाची जिथे नेमणूक झाली तिकडे गेले. भेट नाही, फोन नाही. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, ते मी आज मोडतोय. ऋतुजा वाचते. कधीतरी हेही वाचेल. बॅग उघडायची वेळ बापावर कुणी आणली ते तिला कळावं.

पण मला ते शेवटचे नीट दिसले ते तिला ट्रेनिंगला पोचवायला गेलो त्या दिवशी, वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर. मला जायचं नव्हतं. ऋतुजानेच वर येऊन बोलावलं होतं. वहिनी डब्यात लाडू आहेत, खालच्या कप्प्यात चटणी आहे, हे पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऋतुजा सामान ठेवून खाली उतरली, पाया पडायला. आईच्या पडली. माझ्याही पडली, आणि म्हणाली, काका, पप्पांकडे लक्ष द्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी कसा ठेवला, मला माहीत नाही.

मग ती बापापुढे उभी राहिली. वाकली नाही. म्हणाली, "पप्पा, पातं कपाटामागं होतं, ठीक आहे. पण तुम्ही मला विचारलं नाही. सरळ बॅग उघडली."

"उघडली."

"का?"

कंडक्टर दार आपटून लोकांना आत घेत होता. मला वाटलं, आता दिगूभाऊ माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"भ्यालो हुतो बाळा," ते म्हणाले. "चुकलं माझं."

माझं तोंड उघडलं. काहीतरी निघणार होतं, निदान तिचं नाव तरी. तेवढ्यात दिगूभाऊ अर्धं पाऊल बाजूला सरकले आणि माझ्या आणि तिच्या मधे आले. मला त्यांची पाठ दिसली, शर्टावर घामाचा मोठा डाग, आणि त्यांच्या खांद्यावरून आलेले तिचे दोन हात. ती काहीतरी बोलली. इंजिन सुरू झालं होतं, मला ऐकू आलं नाही. त्यांची मान दोनदा हलली.

ती चढली. गाडी वळली, फाटकातून बाहेर गेली, वहिनी पदर तोंडाला लावून बाकड्यावर बसल्या. दिगूभाऊ वळले नाहीत. समोर आता कुणी नव्हतं, तरी ते तसेच उभे राहिले, माझ्या आणि त्या रिकाम्या जागेच्या मधे.